टेक्सासचं पिस्तूल न्यू जर्सीला नेताना

कॉलेजात एनसीसीत पॉइंट टू-टू रायफल चालवली होती. तो नाद डॅलसला पुन्हा जागा झाला. ऑफिसातली मैत्रीण शूटिंग रेंजवर चल म्हणून मागे लागली. "टेक्सासात कोण विचारतंय?" मी तेव्हा एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या तात्पुरत्या व्हिसावर होते. नियम वाचला आणि चरकले. विचारणारं टेक्सास नव्हतंच, फेडरल म्हणजे केंद्र सरकार होतं. तात्पुरत्या व्हिसावरच्या माणसाला, शिकारीच्या लायसन्ससारखे मोजके अपवाद सोडले, तर बंदूक बाळगायला बंदी आहे. रेंजवर भाड्याने घेतलेलीही त्यात येते. मी गेले नाही.

ग्रीन कार्ड आल्यावर नऊ एमएमचं पिस्तूल घेतलं. दुकानात बंदूक-खरेदीचा फेडरल फॉर्म ४४७३ भरताना, गांजा घेता का, या प्रश्नाशी थांबले. खालीच इशारा होता: तुमच्या राज्यात परवानगी असली, तरी फेडरल कायद्याने गांजा बेकायदाच. दोन सरकारं एकाच कागदावर भेटली ती तिथे.

मग नवऱ्याला न्यू जर्सीत नोकरी लागली. टेक्सासात २०२१ पासून पात्र माणसाला परवान्याविनाही पिस्तूल अंगावर बाळगता येतं. न्यू जर्सीत मॅगझिनमध्ये, म्हणजे गोळ्या भरायच्या खोक्यात, दहाच गोळ्यांची मर्यादा, माझ्या मॅगझिनमध्ये पंधरा मावायच्या. ती मॅगझिन्स निघण्याआधीच विकून टाकली.

वाटेतल्या राज्यांसाठी १९८६चा फेडरल कायदा आहे. निघतो तिथे आणि पोचतो तिथे, दोन्हीकडे शस्त्र कायदेशीर असेल, तर मधून नेता येतं. पण रिकामं आणि हाताशी नसलेलं. हे संरक्षण किती तोकडं आहे ते एका खटल्यात वाचलं. २००५ मध्ये न्यू जर्सीतल्या नेवार्कला एका प्रवाशाचं पुढचं विमान चुकलं, पिस्तूल असलेली बॅग रात्रभर हॉटेलात त्याच्या ताब्यात राहिली, सकाळी विमानतळावर अटक. पुढे कोर्टानेही हे संरक्षण त्याला दिलं नाही. म्हणून वाटेतल्या मेरीलँडात मुक्काम करायचा नाही, असं आम्ही ठरवलं.

निघायच्या आदल्या रात्री ओट्यापाशी पिस्तुलाच्या चेंबरमध्ये, गोळी बसते त्या जागी, करंगळी घालून तीनदा खात्री केली. पिस्तूल कुलूपबंद पेटीत, गोळ्या वेगळ्या डब्यात, दोन्ही डिकीत.

न्यू जर्सीत राहायला आलेल्याने बाहेरून आणलेल्या पिस्तुलासाठी ६० दिवसांत बंदूक-खरेदीदाराच्या ओळखपत्राचा अर्ज आणि नोंदणी करायची असते. बोटांचे ठसे दिले. ओळखीच्या दोघांची नावंही हवी होती. एक नाव मराठी मंडळातल्या काकूंचं द्यावं म्हणून त्यांना विचारलं. त्या जरा वेळ गप्प राहिल्या.

"घरात पोरं आहेत ना? आधी कुलूप दाखव."

कपाटातली पेटी काढून समोर ठेवली. काकूंनी झाकण दोनदा ओढून पाहिलं, आणि मग आपला ईमेल पत्ता लिहून दिला.