२६ दिवसांत काय शिकवता?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. ब्रिटनमध्ये नर्स, फार्मासिस्ट, फिजिओथेरपिस्ट स्वतःच्या सहीने औषधं लिहून देतात आणि त्यांच्या प्रशिक्षणाशी माझा संबंध आहे, एवढं कळलं की भारतातले डॉक्टर स्नेही हमखास विचारतात, "२६ दिवसांच्या कोर्सवर? मग आम्ही साडेपाच वर्षं काय केलं?" हसत विचारतात, पण विचारतातच.

२६ हा आकडा खरा आहे. फार्मासिस्टांच्या नियामक संस्थेने तो घातलाय. नर्सांचे कोर्सही साधारण तेवढेच असतात. त्याला जोडून अनुभवी प्रिस्क्राइबरच्या नजरेखाली, प्रत्यक्ष रुग्णांसमोर ९० तास काढावे लागतात, ते मात्र कुणी हिशेबात धरत नाही. नर्सांना औषधशास्त्राच्या लेखी परीक्षेत किमान ८० टक्के लागतात आणि डोसच्या गणितात १००. एक गणित चुकलं की नापास. शिवाय येणारा माणूस कोरी पाटी घेऊन येत नाही. फार्मासिस्टची चार वर्षांची पदवी आणि वर्षभराचं प्रत्यक्ष काम आधीच झालेलं असतं. आणि बाहेर पडताना तो डॉक्टर होऊन पडत नाही. दम्याचं क्लिनिक चालवणारी नर्स दम्याची औषधं लिहिते, अपस्माराची नाही. फिजिओथेरपिस्टला नियंत्रित औषधांपैकी, म्हणजे मॉर्फिनसारख्या, गैरवापर होऊ शकतो म्हणून कायद्याने जखडलेल्या औषधांपैकी, जेमतेम ७ स्वतःच्या अखत्यारीत लिहिता येतात.

हे एका रात्रीत झालेलं नाही. घरोघरी जाणाऱ्या नर्सांनी ड्रेसिंगसाठीसुद्धा डॉक्टरच्या सहीची वाट का पाहावी, हा मुद्दा सरकारने नेमलेल्या कंबरलेज समितीने १९८६ साली मांडला. १९९४ मध्ये मोजक्या ठिकाणी प्रयोग झाला आणि नर्स-फार्मासिस्टांना जवळजवळ सगळी औषधसूची खुली व्हायला २००६ उजाडलं.

हे उत्तर मी इतक्यांदा दिलंय की पाठ झालंय. आणि ते पुरत नाही हेही मला कळतं. म्हणून एक प्रसंग सांगते. माझ्यासमोर शिकणाऱ्या एका नर्सचा आहे. रुग्णाचे तपशील ओळख पटू नये इतके बदललेत.

सत्तरी ओलांडलेल्या बाई. दोन दिवस लघवीला जळजळ, रात्री चार-पाच वेळा उठणं. ताप नाही, पाठीत दुखणं नाही, थंडी वाजणं नाही. नर्सने सगळं नीट विचारलं. पासष्टीपुढे लघवीत पट्टी बुडवून निदान करायचं नाही, कारण त्या वयात संसर्ग नसतानाही लघवीत जंतू सापडतात. हे तिला माहीत होतं. पट्टी बाजूला ठेवून तिने नमुना कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीला, पाठवला. किडनीचा आकडा पाहिला : ईजीएफआर ३८. लघवीच्या संसर्गावरचं नेहमीचं अँटिबायोटिक, नायट्रोफ्युरँटॉइन, ४५च्या खाली टाळायचं, म्हणून ते सोडलं. अ‍ॅलर्जी विचारली, नव्हती. "अजून कुठल्या गोळ्या घेता?" बाई म्हणाल्या, यादीत आहेत तेवढ्याच. तिने ट्रायमेथोप्रिम हे दुसरं अँटिबायोटिक लिहिलं, २०० मिलिग्रॅम, दिवसातून दोनदा, ३ दिवस, आणि स्क्रीन माझ्याकडे वळवली. शिकाऊ माणसाला सहीचा अधिकार नसतो.

यादीत रक्तदाबाची एक गोळी, कोलेस्टेरॉलची एक, आणि फॉलिक अ‍ॅसिड ५ मिलिग्रॅम, आठवड्यातून एकदा.

मी विचारलं, "हे आठवड्यातून एकदा कशासाठी?" नर्स गप्प. उत्तर बाईंनीच दिलं : "ते ना, सोमवारचं इंजेक्शन असतं, त्याच्या दुसऱ्या दिवशी घ्यायचं."

सोमवारचं इंजेक्शन म्हणजे मेथोट्रेक्सेट, संधिवातासाठी. हॉस्पिटलचा विभाग ते लिहितो, औषध भरलेलं इंजेक्शनचं पेन परस्पर घरी येतं, आणि आमच्या यादीत त्याची नोंद कुणी केलेलीच नव्हती. मेथोट्रेक्सेट आणि ट्रायमेथोप्रिम दोन्ही शरीरातल्या फोलेटच्या, म्हणजे नव्या पेशी बनायला लागणाऱ्या जीवनसत्त्वाच्या, वाटेवरच घाव घालतात. एकत्र पडली तर अस्थिमज्जा दबते, पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट्स घसरतात, आणि मेथोट्रेक्सेट बाहेर टाकणारी किडनी आधीच मंद असली तर धोका आणखी वाढतो. तीनच दिवसांचा कोर्स, असं म्हणून सोडून देण्याजोगी ही जोडी नाही.

पुढची धडपडही सांगण्यासारखी आहे. नर्सचा पुढचा पर्याय पिवमेसिलिनाम, तेही अँटिबायोटिकच. पण ते पेनिसिलिन गटातलं, आणि पेनिसिलिनमुळेही मेथोट्रेक्सेटचा निचरा मंदावू शकतो. शेवटी फॉस्फोमायसिन या आणखी एका अँटिबायोटिकची ३ ग्रॅमची एक पुडी, एकदाच. पेशींची रक्ततपासणी त्याच दिवशी. येत्या सोमवारचं इंजेक्शन घ्यायचं की थांबवायचं, हे संधिवात विभागाला फोन करून विचारलं. आणि मेथोट्रेक्सेट यादीत चढवलं, 'हॉस्पिटलकडून, इथून देऊ नये' असा शेरा मारून, म्हणजे पुढच्या वेळी कॉम्प्युटरच ओरडेल.

आता गंमत बघा. मेथोट्रेक्सेट आणि ट्रायमेथोप्रिमचा प्रश्न तिला लेखी परीक्षेत आला होता आणि उत्तर बरोबर होतं. माहितीत ती कुठेच कमी नव्हती. चुकला तो शब्द : 'गोळ्या'. बाईंनी खरं उत्तर दिलं, कारण इंजेक्शन म्हणजे गोळी नव्हे. तेव्हापासून शिकाऊंकडून पाच प्रश्न घोकून घेते : इंजेक्शन काही? पॅच, मलम, थेंब, पंप? रोज न घेता आठवड्याने-महिन्याने घेता असं काही? हॉस्पिटल परस्पर देतं असं? दुकानातून स्वतः आणता असं? आणि यादीतल्या प्रत्येक औषधापुढे कारण सांगता आलं पाहिजे. कारण सापडत नसेल तर सही नाही.

तुमचा डाव मला माहीत आहे. "बघ, डॉक्टरने पकडलं असतं." कदाचित. यादीतली नोंद राहिली होती ती मात्र डॉक्टरांच्या हातून. पण हे असलं उत्तर हल्ली मी तोंडावर आलं तरी गिळते. दोघांच्या चुका तराजूत टाकून रुग्णाच्या पदरात काही पडत नाही.

खरी अडचण वेगळीच आहे, आणि ती तुम्ही कुणी विचारत नाही. ही बाई त्या ९० तासांत आली, हा योगायोग होता. दुसऱ्या कुणाचे ९० तास सरळसोट रक्तदाबाच्या रुग्णांत निघून जातात. तोही पास होतो.

पास झाल्यानंतरचं तर बोलूच नका. नर्सांना दर तीन वर्षांनी ३५ तासांचं शिक्षण दाखवावं लागतं, त्यातले २० तास इतरांसोबतचे. त्यातले इतके तास औषधं लिहिण्याबद्दलचेच हवेत, अशी अट नाही. दम्यावर तयार झालेली नर्स मधुमेहाकडे वळली तर ती तयार आहे हे ठरवणारी पहिली व्यक्ती ती स्वतःच. औषधं लिहिणाऱ्याला काय-काय यायला हवं याची चौकट आहे, १० क्षमतांची, नेटकी. पण चौकट कुणाच्या खुर्चीशेजारी येऊन बसत नाही.

मी सुचवते ते साधं आहे. महिन्याला स्वतःची १० प्रिस्क्रिप्शनं काढा, निवडून नव्हे, सरसकट. दुसऱ्या प्रिस्क्राइबरसमोर ठेवा. कारण नोंदलंय का, थांबवायची तारीख आहे का, रक्ततपासणी लावली का, आणि औषध न देता भागलं असतं का? शेवटच्या प्रश्नावर जास्त वेळ जातो. नव्या आजाराकडे वळताना कुठले औषधगट लिहीन आणि कुठून पुढे रुग्ण पाठवीन हे कागदावर लिहून घ्या, आणि पहिले काही रुग्ण कुणाला तरी शेजारी बसवून तपासा. हे सगळे करतात का? नाही. वेळ कोण देणार?

पूर्वी मी हट्टाने म्हणायचे, ९०चे १८० तास करा, विषय संपला. आता वाटतं, त्याच क्लिनिकमध्ये दुप्पट तास बसून तेच रुग्ण दुप्पट दिसतील. मग म्हटलं, तास सोडा, रुग्णांचे प्रकार ठरवा : किडनी मंदावलेला एक, गरोदर एक, दहाहून जास्त औषधं घेणारा एक, अँटिबायोटिक हवंच म्हणून अडून बसलेला एक. त्यावर एक सहकारी म्हणाली, "म्हणजे आणखी एक टिकमार्कांची यादी." तिला अजून उत्तर देता आलेलं नाही.

आणि २०२६पासून नवे नोंदणी होणारे फार्मासिस्ट पहिल्या दिवसापासून प्रिस्क्राइबर म्हणूनच येणार आहेत. त्यांच्यावर देखरेख करणारे आम्हीच, आपापलं क्लिनिक सांभाळून. माझी अट तेवढी ठरलेली आहे : एका वेळी एकच शिकाऊ, आणि तो समोर असेल त्या दिवशी प्रत्येक रुग्णामागे दुप्पट वेळ, लेखी. नाही मिळालं तर मी देखरेखीसाठी नाव देत नाही. अशाने शिकाऊंना जागा कमी पडतात, हा आरोपही खराच आहे.