पिल्लू आठ आठवड्यांचं आणि आमच्या सोसायटीची लिफ्ट

चिंगी घरी आली तेव्हा ८ आठवड्यांची होती, गावठी पिल्लू. डॉक्टर पहिल्याच दिवशी म्हणाले, पिल्लांना जगाची ओळख व्हायचा काळ साधारण ३ ते १४ आठवडे, खाली सोडू नका, पार्वोची (पिल्लांचा जीवघेणा संसर्गजन्य आजार) भीती असते, पण कडेवर घेऊन रोज बाहेर न्या. मी लगेच हो म्हटलं.

आम्ही राहतो सातव्या मजल्यावर, माझा गुडघा दुखरा, आणि कमिटी म्हणे सगळ्या लशींचं सर्टिफिकेट दाखवल्याशिवाय कुत्रं लिफ्टमध्ये घ्यायचं नाही. अहो, रेबीजची लसच तिसऱ्या महिन्यात देतात, बाकीचे डोस १६ आठवड्यांपर्यंत चालतात, सर्टिफिकेट आणू कुठून? सेक्रेटरी म्हणाले रविवारी मीटिंगमध्ये बघू. पहिल्या रविवारी मीटिंगच झाली नाही, दुसऱ्या रविवारी सगळा वेळ पार्किंगच्या भांडणात गेला. मी रोज कॅलेंडरवर दिवस खोडत होते आणि अक्षरशः रडकुंडीला आले होते, कारण गुडघा नंतर बरा होईल, पण हे दिवस परत येत नाहीत ना! शेवटी ॲनिमल वेल्फेअर बोर्डाची २०१५ ची गाइडलाइन प्रिंट काढली, पाळीव प्राण्यांना लिफ्टमध्ये बंदी घालता येत नाही असं त्यात स्पष्ट आहे, ती अर्जाला जोडली आणि कॉपीवर सही-शिक्का घेतला. पोच घ्याच, तोंडी बोलून काही होत नाही. तिसऱ्या दिवशी परवानगी! तोवर चिंगी ११ आठवड्यांची.

त्या तीन आठवड्यांत घरातच जमेल ते केलं. कुकरची शिट्टी झाली की चिकनचा तुकडा, मोबाईलवर फटाक्यांचे आवाज अगदी बारीक, छत्री उघडून ठेवायची.

मग रोज गेटवर ओढणीच्या झोळीत घेऊन बसायचे. पहिल्या दिवशी बस थांबताना फुस्स झालं तर तिचं काळीज माझ्या मनगटाला धडधडताना लागत होतं, चिकनला तोंडही लावेना. खात नसेल तर समजायचं घाबरलंय, तिथून लांब व्हायचं, जबरदस्ती करायची नाही. पाचव्या दिवशी तीच मान बाहेर काढून बसचा वास घेत होती, मला इतकं भरून आलं!

हो, आणि पंजे, कान, तोंड रोज हाताळा, नखं कापताना त्रास होत नाही.

आता ७ महिन्यांची आहे. रिक्षा, बस, पोरं, कशालाच घाबरत नाही. फक्त गाठोडं घेऊन आलेले इस्त्रीवाले काका दिसले की अजून सोफ्याखाली जाते. पिल्लू आणणार असाल तर सोसायटीला अर्ज आधीच देऊन ठेवा.