थिएटर नाही, पण निवेदन आहे

सिनेमावर बंदी मागण्याबद्दल आमच्या गावात काय वाटतं, हे तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. पुण्या-मुंबईचे मित्र नेहमी विचारतात, ‘तुमच्या गावात थिएटर नाही, मग सिनेमावर बंदी घाला म्हणणारे येतात कुठून?’

आमचं गाव पूर्व विदर्भातल्या वडसा-ब्रह्मपुरी पट्ट्यातलं, धानाचं. निवेदन देणारे गावचेच. मजकूर तेवढा व्हॉट्सअ‍ॅपवर येतो, खाली तालुक्याचं नाव बदललं की झालं. नायब तहसीलदार कागद हातात धरतात, मागे पोरं उभी राहतात, फोटो निघतो, पोच मिळते. सिनेमा पास करणं केंद्राच्या सेन्सॉर बोर्डाचं काम, तहसीलचा त्यात काडीचा संबंध नाही, हे देणारा आणि घेणारा दोघंही जाणून असतात. महत्त्व फोटोला. निवडणूक जवळ आली की फोटोत गर्दी वाढते, तो भाग वेगळा.

‘पद्मावत’ १ डिसेंबर २०१७ ला यायचा, तो नाव बदलून २५ जानेवारी २०१८ ला आला. बंदी घालणाऱ्या राज्यांना सुप्रीम कोर्टानं आठवडाभर आधीच थांबवलं होतं. तोवर इथे पानठेल्यावर रोज चौकशी, ‘पिच्चर आला का गा?’ पुढे मोबाइलवर सगळ्यांनी पाहिला. निवेदनवाल्यांपैकी एकजण मलाच म्हणाला, ‘काहीच नाही ना गा त्याच्यात!’ फसवल्यासारखा चेहरा होता बिचाऱ्याचा.

‘फुले’चं वेगळं. ११ एप्रिल २०२५ ला, जोतिबांच्या जयंतीला येणारा सिनेमा आक्षेपांमुळे २५ तारखेवर गेला, बोर्डानं जातींचे उल्लेख बदलायला लावले. हे कळल्यावर कधी थिएटरची पायरी न चढलेल्या बायाही गाडी ठरवून शहरात गेल्या. शेजारच्या काकू म्हणाल्या, ‘काय कापलं ते पाहाले जातो.’

हीच माणसं दिवाळीनंतर झाडीपट्टीच्या, म्हणजे आमच्या या भागातल्या, नाटकाला रात्रभर बसतात. नाटकालाही राज्याच्या परिनिरीक्षण मंडळाचं, म्हणजे नाटकांच्या सेन्सॉरचं, प्रमाणपत्र लागतं, पण खरी कात्री मंडपात. विनोदी नट फार घसरला की पुढून एखादी आजी ओरडते, ‘ए मुडद्या!’ तो तिलाच हात जोडतो, वाक्य फिरवतो, मंडप हसतो. भांडण तिथल्या तिथे मिटतं. पडद्यावरच्या नटाला आजीचा आवाज पोचत नाही, म्हणून आमचे लोक कागद काढतात, असं मला वाटतं. बंदी मात्र मला पटत नाही.

माझ्याकडे सहीला आले की मी सिनेमाचं तिकीट मागतो. अजून कोणी दाखवलेलं नाही.