पोळ्याआधी

१७ ऑगस्ट

काल चंद्रपूर जिल्ह्यातल्या चिमूरला दरवर्षीसारखा १६ ऑगस्टचा कार्यक्रम झाला. हार, भाषणं, शाळेची पोरं. भाषणांत १६ तारीख नेहमी नीट सांगतात: १९४२ची नागपंचमी, चले जाव चळवळीची मिरवणूक, पोलिसांचा गोळीबार, बालाजी रायपूरकर यांचं हौतात्म्य, मग खवळलेल्या लोकांच्या हातून एसडीओ डुंगाजी आणि नायब तहसीलदार सोनवणे यांचा मृत्यू. १९ तारीख, म्हणजे लष्कर गावात शिरलं तो दिवस, मात्र वक्ते एका वाक्यात उरकतात. "त्यानंतर लष्करानं अत्याचार केले." आणि थेट स्वातंत्र्य.

माझं डोकं यंदा त्या १९ तारखेतच अडकलंय, कारण घरात चिठ्ठी सापडलीय.

स्लॅब टाकायचा म्हणून जुन्या घराचे कवेलू उतरवले. माळ्यावर पणजोबांची पेटी होती, तिच्यात जुनी पंचांगं. त्यातल्या एकात घडी केलेला कागद निघाला. टपालाचा शिक्का नाही, म्हणजे कुणाच्या तरी हातीच आलेला. "मिती श्रावण वद्य ८, शके १८६४. रोवणे आटोपले. मुलीस पोळ्याआधी येऊन घेऊन जावे. अधिक भेटीअंती." खाली मोठ्या आत्याच्या सासऱ्याचं नाव.

मोठी आत्या म्हणजे माझ्या आजोबांची बहीण. चिमूरला दिलेली. आमच्या घरात तिच्याबद्दल एकच गोष्ट सांगत: पोरगी पंचमीला माहेरी आली, तिकडे दंगा झाला, झाडं पाडून रस्ते बंद झाले, म्हणून राहून गेली. कुणाला शंका यायचं कारणच नव्हतं. नव्या सुनेनं पंचमीला माहेरी यायचं हा रिवाजच, आणि रस्ते तर खरंच बंद होते.

पण पंचमी शुद्ध पक्षातली. वद्य अष्टमीला, म्हणजे सप्टेंबर लागल्यावरही, ती सासरीच होती. गोरी पलटण गावात शिरली तेव्हा ती चिमूरलाच होती. घरोघरचे पुरुष एकतर पकडलेले, नाहीतर रानात पळालेले. घरात फक्त बायका.

यापलीकडे कागद काही सांगत नाही, आणि मीही त्याच्या तोंडी काही घालणार नाही.

तरी जुन्या गोष्टी आपोआप जागेवर बसायला लागल्या. आत्या पुन्हा सासरी गेली नाही. काडीमोड नाही, भांडणाची बातमी नाही. नवऱ्यानं दुसरं लग्न केलं. आत्यानं कुंकू मात्र ठेवलं, आणि एका उन्हाळ्यात कुणीतरी निरोप आणल्यावर स्वतःच मोरीत जाऊन पुसलं. बालाजीच्या घोडायात्रेला अख्खं गाव चिमूरला जाई, ती कधीच नाही. "मले गर्दी सोसत नाही बापा." हीच बाई पचमढीच्या महादेवाला लोकांच्या लोंढ्यात तरातरा चढून जायची! हे आम्हा कुणाच्या लक्षात कसं आलं नाही, की आलं होतं?

त्या काळाचं सरकारी मौन समजतं. महायुद्ध चालू, ब्रह्मदेश जपान्यांनी घेतलेला, काँग्रेसचं मंत्रिमंडळ १९३९लाच गेलेलं. प्रांत गव्हर्नरच्या हातात. चौकशी नको, छापूही नका. नागपूरहून काही बायका चिमूरला गेल्या, अत्याचार झालेल्या बायकांचे जबाब लिहून घेतले. सेवाग्राम आश्रमातले, गांधीजींचे सहकारी भन्साळी या अत्याचारांची चौकशी व्हावी म्हणून उपोषणाला बसले. त्याची बातमीसुद्धा छापू देत नव्हते, तर ६ जानेवारी १९४३ला देशभरच्या वर्तमानपत्रांनी बंद पाळला. ६३ दिवसांनी, १२ जानेवारीला, उपोषण सुटलं आणि बातम्यांवरची बंदी उठली.

सरकारनं बंदी उठवली, आमच्या घरानं नाही. पणजोबांनी गोष्ट रचली, आजोबांनी चालवली, बाबांनी आम्हाला ऐकवली. पणजोबांनी ती पोरीच्या भल्यासाठी रचली असेल, हे मी मानतो. पण पुढच्यांनी? मला वाटतं, आम्हाला ती सोयीची होती. हुतात्म्याचं नाव चौकात लावता येतं. आत्याचं काय करायचं, हे ना गावाला ठाऊक होतं, ना घराला.

पुतण्याला चिठ्ठीचा फोटो फेसबुकवर टाकायचाय, "आमच्या घरची वीरांगना" असं लिहून. वीरांगना कसली! ती सतरा-अठराची पोर असेल. काकू तर भडकलीच. "तिनं जलमभर तोंड नाही उघडलं, तू कोन होय उघडणारा?" काकूचं अर्धं पटतं. पण तोंड तिनं उघडलं नाही की आम्ही उघडू दिलं नाही? तिला कुणी एकदा तरी विचारलं असतं तर हा प्रश्न आज माझ्यापुढे नसता. शेवटची काही वर्षं माझ्याच खोलीपलीकडे झोपायची ती.

फोटो टाकायचा नाही, एवढं पुतण्याला सांगितलंय. आज दुपारी वंशावळीची वही काढली. आत्याच्या नावापुढे बाबांच्या अक्षरात "पंचमीस माहेरी आली" असं होतं. त्यावर रेघ मारली आणि लिहिलं, "शके १८६४, पोळ्याआधी आणली." कारण लिहिलं नाही. पुतण्या म्हणतो हे अर्धवट आहे. काकू म्हणते एवढंही नको होतं. रविवारी ती येणार आहे, वही पाहायला मागेल, भांडण होईलच.