ड्रॅगनच्या पाठीवरचं खोगीर

"मॅडम, तुम्ही आयुष्यभर मराठी शिकवलंत, आणि आता हे ड्रॅगन, पऱ्या अन् प्रेमाबिमाचं काय वाचता?" वाचनालयात, लग्नकार्यात, जुन्या विद्यार्थिनी भेटल्या की हा प्रश्न ठरलेला. दर वेळी उभ्याउभ्या काहीतरी सांगते आणि घरी आल्यावर वाटतं, नीट बोलायला हवं होतं. तुम्ही विचारलंत म्हणून आज बसून सांगते.

मला संधिवात आहे. सकाळी तासभर बोटं वळत नाहीत. जाड पुस्तक हातात धरवत नाही, म्हणून मुलीने किंडल आणून दिलं आणि त्यात पहिलं पुस्तक टाकलं रेबेका यारोसचं 'फोर्थ विंग', २०२३ सालचं. ड्रॅगनवर स्वार होणारे सैनिक घडवणारं युद्धविद्यालय आणि तिथे सेनापती आईच्या हुकुमाने दाखल झालेली व्हायलेट. खरं तर तिला ग्रंथालयात बसून इतिहास लिहायचा होता. तिचे सांधे जरा ताण आला की निखळतात, हाडं लवकर मोडतात. लेखिकेला स्वतःला एहलर्स-डॅनलॉस नावाचा सांधे ढिले करणारा आजार आहे, हे मला नंतर कळलं. पण व्हायलेट गुडघा आवळून बांधते ते वाचलं तेव्हाच वाटलं, हे ऐकीव नाही. गुडघ्याला पट्टी बांधणारी नायिका मला आजवर कुठल्याच प्रेमकथेत भेटली नव्हती.

तिच्याभोवती दोन पुरुष आहेत. डेन हा लहानपणचा मित्र. त्याचा तिच्यावर जीव आहे, म्हणूनच तो सारखा मागे लागतो की तू इथे टिकणार नाहीस, मी तुला इथून बाहेर काढतो. दुसरा झेडन. तिच्या आईमुळे त्याच्या वडिलांना मृत्युदंड झालेला, त्यामुळे त्याने तिचं वाईट चिंतावं अशीच सगळ्यांची अपेक्षा. पण ड्रॅगनच्या पाठीवर तिची मांड टिकत नाही हे तो बघतो आणि तिच्यासाठी खोगीर तयार करवून आणतो. बाकी कुणालाच खोगीर लागत नाही, ड्रॅगनला तर तो अपमानच वाटतो. तरी ते खोगीर येतं, चढवलं जातं आणि ती उडते.

त्या पानावर मी खूप वेळ थांबले. माझ्या आजारपणात 'राहू द्या, मी करते' म्हणणारे पुष्कळ भेटले. सगळी प्रेमाची माणसं. हातातलं काम काढून घ्यायची आणि मी ओट्यापाशी नुसती उभी. एक दिवस आमच्या ह्यांनी जुन्या सायकलची रबरी मूठ कापून माझ्या उलथण्याच्या दांड्यावर चढवली. काही बोलले नाहीत, उलथणं परत जागेवर ठेवून दिलं. दांडा जाड झाला, बोटं पुरती मिटावी लागेनात, आणि दुसऱ्या दिवशी मी थालीपीठ उलटलं. झेडनचं खोगीर आणि ती रबरी मूठ माझ्या लेखी एकच आहेत. काळजी करणं वेगळं आणि दखल घेणं वेगळं. या नव्या कादंबऱ्यांतल्या चांगल्या लेखिकांना हा फरक नेमका कळलाय, म्हणून मी त्या वाचते.

सारा जे. मासच्या २०१६ मधल्या 'अ कोर्ट ऑफ मिस्ट अँड फ्युरी'मध्ये हेच आहे, जरा जास्त धारदार. पऱ्यांच्या जगातला टॅमलिन आपल्या होणाऱ्या बायकोला, नायिका फेराला, तिच्या भल्यासाठी म्हणून वाड्यात कोंडतो. दुसरा नायक ऱ्हायसँड तिला वाचायला शिकवतो, कारण तिला धड वाचता येत नाही हे त्याला कळलंय. मी बाराखडी गिरवून घेतलेली बाई; प्रेमात पडायला यापेक्षा मोठं कारण मला सुचत नाही. म्हणून याच मालिकेतल्या २०२१ च्या भागाचा मला मनापासून राग आला. फेराचं बाळंतपण तिच्या जिवावर बेतणार आहे हे सगळ्यांना ठाऊक, आणि ऱ्हायसँड ते तिच्यापासूनच लपवतो. म्हणजे वाड्याला पुन्हा कुलूप लागलंच की! आणि पुस्तक त्याला तितकं धारेवर धरत नाही, जितकं टॅमलिनला धरलं होतं. विधिलिखित जोडीदार ही कल्पनाही मला खटकते. गाठ आधीच बांधलेली असेल तर तिने निवडलं काय?

काही जण म्हणतात, हे आपल्याकडचं नाही. अहो, मराठी कादंबरी रांगायला लागली ती बरीचशी अद्भुतातच. हळब्यांची 'मुक्तामाला' १८६१ ची, रिसबुडांची 'मंजुघोषा' १८६८ ची. रिसबुडांनी प्रस्तावनेत कबूलच केलंय की आपल्याकडच्या विवाहादी रीतींमुळे रोजच्या आयुष्यात वर्णन करण्याजोगं नवल उरत नाही, म्हणून अद्भुत लिहावं लागतं. मुलीने स्वतः माणूस निवडायचा तर आधी दुसरं जग रचावं लागे. मला ते वाक्य फार दुःखाचं वाटतं, आणि आजच्या पऱ्यांच्या कादंबऱ्या त्यातून जास्त कळतात.

'यातलं मुलीला काय द्यावं?' असं मुलींच्या आया विचारतात, त्याचं उत्तर स्पष्ट देते: वर सांगितलेल्या दोन्ही मालिकांत उघड शृंगार आहे, शाळकरी मुलीला देऊ नका. हेदर फॉसेटचं एमिली वाइल्ड या नायिकेचं पुस्तक द्या. केंब्रिजची अबोल विदुषी दूरच्या थंड गावात पऱ्यांचा अभ्यास करायला जाते, तळटीपांसकट रोजनिशी लिहिते, आणि मागोमाग आलेला सहकारी तिची गारठलेली झोपडी आवरून राहण्याजोगी करतो. ज्यांना जादू नकोच त्यांनी एमिली हेन्रीचं 'बुक लव्हर्स' घ्यावं. त्यातल्या नोराला कामात जीव ओतणारी बाई म्हणून कुणी शिक्षा करत नाही.

आणि हो, यारोसचे पुढचे भाग? 'आयर्न फ्लेम' सहाशेच्या वर पानं आहे आणि त्यातलं तू-मला-का-सांगितलं-नाहीस हे भांडण निम्म्यात आटपलं असतं. 'ऑनिक्स स्टॉर्म'मध्ये इतकी बेटं आणि इतकी नावं आली की मी वहीत यादी केली. तरी दोन्ही वाचले, पुढचेही वाचणार. मालिका पाच भागांची ठरली आहे, तीन झालेत. उरलेल्या दोन भागांत कुणीही मरो, कुणीही जिंको. फक्त लेखिकेने व्हायलेटचे सांधे जादूने बरे करू नयेत, एवढंच माझं मागणं आहे.