पेन्शनच्या फायलींतून घराण्याचा माग : ओहायो शाखा, नोंद तिसरी

आधी काम कुठवर आलंय ते. कुलवृत्तांताच्या अमेरिकेतल्या शाखेत सुनेच्या माहेरची बाजू भरणं चालू आहे. आजच्या पिढीपासून मागे जात १८५० पर्यंतच्या पाच पिढ्या पक्क्या झाल्या. सहावा पुरुष ओहायोतल्या लोरेन काउंटीत सापडला. त्याचा जन्म १८०५ च्या आसपास न्यूयॉर्कमधल्या ओनाइडा काउंटीत. सातवा पुरुष अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धात मॅसॅच्युसेट्सकडून लढला, असं घरच्या कागदांत म्हटलंय. त्या युद्धातल्या शिपायांना आणि त्यांच्या विधवांना सरकारने दिलेल्या पेन्शनच्या फायलींत त्या नावाचे तीन अर्जदार निघाले. एक बाद, एक जवळजवळ पक्का, एक लटकलेला.

अडतं ते नेहमी याच जागी. १८५० च्या जनगणनेत पहिल्यांदा घरातल्या प्रत्येकाचं नाव आलं. त्याआधीच्या, म्हणजे १७९० ते १८४० च्या शिरगणत्यांत फक्त कुटुंबप्रमुखाचं नाव आणि बाकीच्यांचे वयोगटानुसार नुसते आकडे. त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या वहीत आजोबा-पणजोबा एका पानावर भेटतात, तशी सोय तिथे नाही. म्हणून १७८३ ते १८५० ही दोन पिढ्यांची खिंड ओलांडायला पेन्शनच्या फायलींइतका भक्कम आधार दुसरा नाही.

फायली कुठे बघायच्या, ते थोडक्यात. अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागाराच्या एम ८०४ या मालिकेत मायक्रोफिल्मच्या २,६७० रोलांवर सुमारे ८०,००० फायली आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळावर खातं फुकट उघडता येतं. अभिलेखागाराच्या स्वतःच्या कॅटलॉगमध्येही फायली खुल्या आहेत आणि तिथे स्वयंसेवक त्यांचा मजकूर टाइप करत असतात. एम ८०५ ही मालिका समोर आली तर तिच्यावर थांबू नका. ८९८ रोलांची ती निवडक आवृत्ती आहे. मोठ्या फायलींतली जास्तीत जास्त दहा पानं तिच्यात घेतली आहेत, आणि आपल्याला हवं असलेलं साक्षीदाराचं प्रतिज्ञापत्र नेमकं अकराव्या पानावर असतं.

पाकिटावरच्या क्रमांकाआधीचं अक्षर आधी वाचा. एस म्हणजे सैनिकाला स्वतःला मिळालेली पेन्शन, डब्ल्यू म्हणजे विधवेची, आर म्हणजे नामंजूर. बी-एल-डब्ल्यू-टी म्हणजे जमिनीचं वॉरंट, सेवेबद्दल जमीन देण्याचा हुकूम. त्याच्या क्रमांकाच्या शेवटी १६०-५५ असेल तर १८५५ च्या कायद्याखाली १६० एकर. आर दिसला की बरेच जण फाइल मिटवतात. तसं करू नये. सेवा सहा महिन्यांपेक्षा कमी भरली किंवा विधवेला लग्न सिद्ध करता आलं नाही, तरी अर्ज फेटाळला जाई. उलट नामंजूर अर्जदार पुन्हा पुन्हा पुरावे पाठवत राहिल्यामुळे त्या फायली बहुधा जाड असतात.

८ नोव्हेंबर १८०० च्या आगीत युद्ध खात्याचे तोवरचे पेन्शनचे कागद गेले. युद्धात जखमी होऊन त्याआधीच पेन्शन घेतलेल्या माणसाच्या पाकिटात एखादं कार्डच निघतं. पानं गहाळ झाली असं समजून शोधत बसू नका.

आता आपले तिघे. नाव जुळलं म्हणजे माणूस जुळला, असं धरून चाललेल्या वंशावळी ऑनलाइन ढिगाने आहेत. माणूस ओळखायचा तो राहत्या गावांच्या साखळीवरून, आणि ती साखळी कुठल्या कागदात मिळेल हे अर्ज कुठल्या कायद्याखाली केलाय त्यावर ठरतं.

पहिला अर्ज ७ जून १८३२ च्या कायद्याखालचा. हा कायदा सगळ्यांत उदार होता. मिलिशियातले, म्हणजे स्थानिक हंगामी फौजेतले लोकही आले, गरिबी दाखवायची अट नव्हती, सेवा सहा महिने भरली की पुरे. त्यात कोर्टापुढे ठरावीक सात प्रश्न विचारले जात: जन्म कुठे आणि कधी, वयाची नोंद कुठे आहे, भरती झालात तेव्हा कुठे राहत होता आणि युद्धानंतर कुठे-कुठे राहिलात, स्वखुशीने गेलात की सक्तीने की दुसऱ्याच्या बदली, कोणते अधिकारी आठवतात, सेवामुक्तीचा दाखला मिळाला होता का, शेजारी कोण साक्ष देतील. आपल्याला तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराशी काम. या गृहस्थांनी तिथे म्हटलंय की जन्मल्यापासून आपण मॅसॅच्युसेट्सच्या बाहेर राहिलेलोच नाही. ओनाइडात ज्याला मुलगा झाला तो हा नव्हे. बाद.

बाद करण्याआधी एक पडताळा घेतला, तो सगळ्यांच्या उपयोगाचा आहे. १८३२ च्या कायद्यात साध्या पायदळ शिपायाला दोन वर्षं सेवेवर वर्षाला ८० डॉलर, त्याहून कमी सेवेला त्या हिशेबात. म्हणजे एका महिन्याला ३ डॉलर ३३ सेंट. याच्या दाखल्यावर ४३ डॉलर ३३ सेंट आहेत, म्हणजे सरकारने १३ महिने मान्य केले. जबानीत एकदा नऊ आणि एकदा चार महिने सांगितलेत. बेरीज जुळते, तेव्हा फायलीत दुसऱ्याचे कागद मिसळलेले नाहीत. बेरीज जास्त आणि रक्कम कमी निघाली, तर कुठली तरी मोहीम नाकारलेली असते आणि तिचं पत्र फायलीत शोधायचं. सार्जंट किंवा घोडदळातला स्वार असेल तर दर वेगळा, हे विसरू नका.

दुसरी फाइल डब्ल्यूची, आणि मला विचाराल तर हाती लागावी ती अशीच. तिच्यात नवऱ्याचे जुने कागदही एकत्र बांधलेले असतात. या शिपायाने आधी १८ मार्च १८१८ च्या कायद्याखाली ओनाइडात अर्ज केला होता. त्या कायद्याला कॉन्टिनेन्टल, म्हणजे नियमित सैन्यातली नऊ महिन्यांची सेवा आणि गरिबी लागे; शिपायाला महिन्याला ८ डॉलर मिळत. अर्ज इतके आले की १ मे १८२० च्या कायद्याने प्रत्येकाकडून मालमत्तेची यादी मागवली. ही यादी वंशावळीसाठी सोनं आहे, कारण घरात कोण राहतं, वय काय, कामाला उपयोगी आहे का, हे सगळं तिच्यात येतं. नमुना पाहायचा तर जोसेफ प्लम मार्टिन या सार्जंटची यादी पाहा. मॅसॅच्युसेट्सच्या बर्कशायर काउंटीतल्या बेकेट गावी जन्मलेला हा माणूस पुढे मेन राज्यातल्या प्रॉस्पेक्टला राहिला. त्याच्या यादीत दोन गायी, सहा मेंढ्या, एक डुक्कर; मग बायकोचं आजारपण आणि पाच मुलं.

आपल्या शिपायाच्या यादीत एक लोखंडी किटली, एक जुना नांगर, सहा खुर्च्या, आणि खाली घरच्यांत १५ वर्षांचा मुलगा. नाव सहाव्या पुरुषाचं, वय जुळणारं. शिपायाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने ७ जुलै १८३८ च्या कायद्याखाली अर्ज केला. त्या कायद्याला लग्न १ जानेवारी १७९४ च्या आधीचं लागे. पुरावा म्हणून तिने घरच्या बायबलचं पान फाडून जोडलं. त्यावर १७९१ चं लग्न आणि सात मुलांचे जन्म आहेत.

मग पक्का का म्हणत नाही? पान मोठं करून पाहिलं तर सातही जन्म एकाच हाताने, एकाच शाईत, एकसारख्या जाडीच्या टाकाने लिहिलेत. १७९२ पासून तेरा-चौदा वर्षांत होत गेलेल्या नोंदी अशा दिसत नाहीत. शाईची छटा बदलते, ओळी तिरक्या होतात. म्हणजे हे पान एका बैठकीत उतरवलेलं आहे, कदाचित अर्जासाठीच. बायबलचं मुखपृष्ठ जोडलेलं नाही, त्यामुळे छपाईचं वर्ष कळत नाही. छपाई १८२० ची निघाली असती तर उलगडा तिथेच झाला असता. नोंदी खोट्या आहेत असं नाही. पण तारखांना दुसरा आधार मिळेपर्यंत आमच्या तक्त्यात त्या पेन्सिलीने लिहिल्या आहेत.

दुसरा आधार अर्धा मिळालाय. १८४० च्या जनगणनेत पेन्शनरांची नावं आणि वयं उजव्या हाताच्या पानावर वेगळ्या रकान्यात आहेत, आणि १८४१ साली छापलेल्या यादीत पेन्शनर कुणाच्या घरी राहतो तेही आहे. लोरेन काउंटीत ही विधवा सहाव्या पुरुषाच्याच घरात सापडली. अनुक्रमणिकेत फक्त कुटुंबप्रमुख असतो, त्यामुळे डावं पान पाहून पुढे गेलेल्यांना ती दिसतच नाही. शिवाय राज्य बदललं की पेन्शन दुसऱ्या कार्यालयाकडे वळवायला अर्ज करावा लागे आणि स्थलांतराचं कारण लिहावं लागे. तिच्या अर्जात मुलाजवळ राहायचंय एवढंच आहे, मुलाचं नाव नाही.

तिसरी फाइल आर. अर्जदार लोरेनच्या शेजारच्या काउंटीतला, सेवा पाच महिन्यांची. हा दुसऱ्या फायलीतल्या शिपायाचा चुलतभाऊ असावा असा संशय आहे, पण त्या काळच्या कागदात कझिन हा शब्द फार सैल वापरलेला असतो. सीनियर-ज्युनियरही बापलेक असतीलच असं नाही. एका गावात एकाच नावाचे दोघे असले की थोरल्याला सीनियर म्हणत.

वाचनातल्या चुकांबद्दल. जबानी म्हाताऱ्याने सांगितलेली आणि कोर्टाच्या कारकुनाने ऐकून लिहिलेली असते, म्हणून गावांची स्पेलिंग कानाला पटतील तशी. मोडी वाचताना करतो तसा त्या कारकुनाच्या अक्षरांचा तक्ता आधी करा: तारीख, काउंटीचं नाव, न्यायाधीशाचं नाव अशा ओळखीच्या शब्दांतून अक्षरं काढायची. जोड-एसमधला पहिला एस लांब आणि एफसारखा दिसतो. जे-एन-ओ म्हणजे जॉन, जोनाथन नव्हे; इथे चुकून दोन भाऊ एक झालेली वंशावळ आम्ही मागच्या नोंदीत दुरुस्त केली. सप्टेंबर १७५२ मध्ये कॅलेंडर बदलून ११ दिवस गळले, आणि १७५१ पर्यंत कायदेशीर वर्ष २५ मार्चला सुरू होई. म्हणून फेब्रुवारी १७५०/५१ असं लिहिलेलं दिसलं तर तसंच उतरवा, एक आकडा निवडू नका.

फायलींत कधी कधी विसाव्या शतकातलं टाइप केलेलं पत्र असतं. कुणा वंशजाने विचारल्यावर खात्याने पाठवलेला सारांश. वाचायला सोपं, म्हणून लोक तेवढंच उतरवून घेतात. आपल्या फायलीतल्या पत्रात सात मुलांची सहा झाली आहेत, आणि गळालेला नेमका आपला. याच पत्रावरून केलेल्या तीन ऑनलाइन वंशावळींत तो नाही. तसंच डॉटर्स ऑफ द अमेरिकन रिव्होल्यूशन या १८९० साली स्थापन झालेल्या, स्वातंत्र्ययुद्धातल्या लोकांच्या स्त्री-वंशजांच्या संस्थेच्या खुल्या डेटाबेसचं. जुन्या वंशरेषा दिशा दाखवतात. लाल अक्षरातला शेरा असेल तर पुरावा नव्याने द्यावा लागणार, हे धरून चाला.

सैन्याच्या हजेरीपटावरचं नावच वेगळं असण्याची शक्यताही सोडू नये. डेबोरा सॅम्पसन १७८२ मध्ये रॉबर्ट शर्टलिफ या पुरुषी नावाने मॅसॅच्युसेट्सच्या चौथ्या रेजिमेंटमध्ये लढली. पुढे तिला स्वतःच्या नावाने पेन्शन मिळाली आणि १८३८ मध्ये काँग्रेसने तिच्या वारसांनाही रक्कम मंजूर केली. इतकं टोकाचं उदाहरण विरळा, पण दुसऱ्याच्या बदली गेलेला माणूस हजेरीपटावर सापडत नाही, असं बऱ्याचदा होतं.

पुढचं काम ठरलंय. टी ७१८ या २३ रोलांच्या खातेवहीत विधवेचा शेवटचा हप्ता पाहायचा. हप्ते ४ मार्च आणि ४ सप्टेंबरचे. त्यांच्या मधली अर्धवट रक्कम दिसली तर मृत्यूची तारीख तिथे मिळते, आणि शेवटच्या हप्त्याच्या पावतीत तो घेणाऱ्या मुलांची नावं असतात. ओनाइडा काउंटी १७९८ मध्ये हर्किमरमधून निघाली, म्हणून १७९१ नंतरचे जमिनीचे कागद आधी हर्किमरला. बर्कशायरची खरेदीखतं उत्तर, मध्य आणि दक्षिण अशा तीन कार्यालयांत विभागलेली आहेत; सातव्या पुरुषाचं गाव बेकेटच्या बाजूचं असल्याने सुरुवात मध्यच्या, म्हणजे पिट्सफील्डच्या नोंदणीपासून.