घुम्याने गांडूळ उचललं, पण पाटील काच सोडेना

मंडळी, माझा मासा घुम्या जेवला! चिमट्यातून भरवावं लागलं नाही. करवंटीतून अर्धं अंग बाहेर काढलं, तळाशी पडलेलं गांडूळ त्याने स्वतःहून उचललं आणि मागे सरकत आत नेलं. त्याचं पोट पार खपाटीला गेलं होतं, त्यामुळे आज घरात सगळ्यांना पेढे वाटावेसे वाटतायत.

नव्यांसाठी थोडक्यात: घुम्या आणि पाटील हे माझे दोन गचुआ, म्हणजे मरळीच्या कुळातले छोटे मासे, एकाच बॅचचे, एकाच बापाच्या तोंडात वाढलेले. तीन फुटी टँक, मधे काळं छिद्रांचं पार्टिशन, सम्प (पाणी गाळणारी खालची टाकी) एकच. म्हणजे पाणी, तापमान, टीडीएस (पाण्यात विरघळलेले क्षार) सगळं सारखं. तरीही नव्या घरात आल्यावर पाटलाने त्याच संध्याकाळी ब्लडवर्मचा (माशांना खायला देतात त्या लाल अळ्यांचा) फडशा पाडला आणि घुम्या करवंटीत जाऊन बसला तो बसलाच.

मला अनेकांनी सांगितलं, घुम्या शांत आहे, रुळतोय, त्याला सोडून दे. काळजी पाटलाची कर, तो सारखा काचेवर घासतोय. मला हे पटत नव्हतं, म्हणून मोबाईलवर स्लो मोशनमध्ये कल्ले टिपायला लागलो. पाटील काच सोडून दम घ्यायला थांबला की त्याच्या कल्ल्यांची उघडझाप लगेच संथ होते. घुम्याची शेपटीसुद्धा हलत नाही, पर अंगाला चिकटलेले, आणि कल्ले मात्र भराभर चालू. कोणी टँकजवळून गेलं की ते क्षणभर पूर्ण थांबतात आणि मग दुप्पट वेगाने सुरू होतात. हवा घ्यायला वर येणंही तो शक्य तितकं टाळतो. येतो तेव्हा बाणासारखा येतो आणि तसाच परत. हा शांतपणा नव्हे. हा मासा आतून पेटलेला आहे, फक्त बाहेर दिसत नाही.

ट्राउट माशांवर काम करणाऱ्या संशोधकांनी हे फार पूर्वी मोजून ठेवलंय. इंग्लंडमध्ये पॉटिंजर आणि कॅरिक यांनी रेनबो ट्राउट तीन तास अडचणीच्या जागेत कोंडून रक्तातलं कॉर्टिसॉल, म्हणजे ताणाचं हार्मोन, मोजलं, आणि ते जास्त चढणारे व कमी चढणारे अशा माशांच्या दोन वेगळ्या ओळी (वंश) पिढ्यांमधून निवडल्या. 1999 मध्ये त्यांनी ते मांडलं. कमी कॉर्टिसॉलवाले नव्या जागेत लवकर खायला लागतात, मारामारीत वरचढ ठरतात. जास्तवाले उशिरा खायला लागतात, मारामारीत हरतात. म्हणजे ताण दोघांनाही येतो, तो निघण्याची वाट वेगळी. आपल्याकडे मात्र लपलेला मासा म्हणजे सुखी मासा असं धरून चालतात, आणि तो उपाशी मरतो तेव्हा दोष पाण्याला देतात.

घुम्याचं गाडं सुटलं ते झेब्रा डॅनियो या छोट्या, चपळ माशांमुळे. ते त्याच्या भागात सोडले असते तर त्याचा नाश्ता झाला असता किंवा त्यांच्या धावपळीने तो आणखी आत गेला असता, म्हणून छोटा नॅनो टँक त्याच्या बाजूच्या काचेला बाहेरून टेकवून ठेवला. डॅनियो उघड्यावर निवांत फिरतायत, खातायत, हे तो करवंटीतून बघत राहिला. आधी नाक बाहेर आलं, मग डोळे. डिदर फिशची, म्हणजे बुजऱ्या माशाला धीर यावा म्हणून उघड्यावर फिरणारे मासे दाखवायची, ही युक्ती जुनीच आहे, पण काचेपलीकडून चालते हे पाहून मी खूश झालो. जोडीला बदामाची सुकी पानं, तीही सोसायटीच्या आवारातली, फुकटची. दुकानात मिळणाऱ्या ‘स्ट्रेस कमी करणाऱ्या’ बाटल्यांवर माझा काडीचा विश्वास नाही. तेवढ्या पैशात चांगलं झाकण आणि टायमर येतो. फ्रोझन ब्लडवर्मही जपून घ्या. परवा आणलेलं पाकीट एकदा वितळून पुन्हा गोठवलेलं निघालं, वास आला म्हणून फेकून दिलं.

आता डोकेदुखी पाटलाची. घुम्यासाठी दोघांचं जेवण लाईट गेल्यावर द्यायला लागलो. घुम्याने हा बदल सहज स्वीकारला. पाटील मात्र जुन्या वेळेला डाव्या कोपऱ्यात हजर, आणि तिथे काही मिळालं नाही की काच धरून वरखाली, वरखाली. तोंडाचं टोक खरवडलं गेलंय, पांढरं दिसतंय. रात्री खाणं पडतं तिकडे तो वळूनही बघत नाही. धीट मासा बदल लवकर स्वीकारेल असं वाटतं ना? उलट आहे. प्रोॲक्टिव्ह, म्हणजे पाटलासारखे धीट, पुढाकार घेणारे प्राणी सवयीला घट्ट चिकटतात. घुम्यासारखे रिॲक्टिव्ह, म्हणजे थांबून अंदाज घेणारे, आजूबाजूला काय बदललं ते टिपत असतात.

म्हणून ठरवलं होतं की पाटलाला जुनी वेळ, जुना कोपरा परत द्यायचा आणि विषय संपवायचा. पण हे लिहितानाच वाटायला लागलंय की त्याने सवय आणखी पक्की होईल, आणि गावाला गेलो की पुन्हा तोच तमाशा. त्यापेक्षा वेळ जुनी ठेवतो आणि कोपरा हळूहळू सरकवतो, वीतभर वीतभर. तोंडाची जखम बरी होईपर्यंत पुढच्या काचेला बाहेरून काळा कागद.

आणखी एक. माशांचं कॉर्टिसॉल कल्ल्यांतून पाण्यात उतरतं, आणि माझ्या पार्टिशनला छिद्रं आहेत, सम्पही एक. एकाची घालमेल दुसऱ्यापर्यंत पोचत असेल तर माझी सगळी तुलना गढूळ. तेव्हा जोडी लावण्याचा बेत पुढे ढकलतो. आधी पाटलाला स्वतंत्र दोन फुटी टँक, स्वतंत्र स्पंज फिल्टर. स्पंज आजच सम्पमध्ये टाकलाय, पाणी शुद्ध ठेवणारे बॅक्टेरिया त्यात बसायला.

हलवल्यावर स्वभाव तोच राहील याची मात्र खात्री धरत नाही. त्याच ट्राउटच्या ओळी पुढे इंग्लंडहून नॉर्वेला नेल्या, तेव्हा नव्या जागेत आधी खायला लागले ते जास्त कॉर्टिसॉलवाले, एरवी उशिरा खाणारे. 2008 मध्ये ते छापून आलं. त्यामुळे पाटील नव्या टँकमध्ये गेला की दोघांच्याही कल्ल्यांचे व्हिडिओ पुन्हा पहिल्यापासून काढणार, आणि दोरीला बांधलेलं निळं झाकण पाण्यात सोडून मासा अनोळखी वस्तूला किती घाबरतो ते बघायची चाचणीसुद्धा दोघांवर वेगवेगळ्या वेळी पुन्हा घेणार. एकदाच घाबरला म्हणून कोणाला भित्रा ठरवायचं नाही.